मारुती ८०० हीट होते, की गरमच होत नाही? थर्मोस्टॅट तपासणं आणि बदलणं

गाडी हीट व्हायला लागली की बऱ्याच गॅरेजमध्ये पहिला बळी थर्मोस्टॅटचा, म्हणजे इंजिनातलं पाणी तापल्यावरच ते रेडिएटरकडे सोडणाऱ्या झडपेचा, जातो. ‘वॉल काढून टाकतो, पाणी डायरेक्ट फिरेल’ असं सांगून तो काढतात. काही आठवडे बरे जातात. मग त्याच गाडीच्या नव्या तक्रारी सुरू होतात: सकाळी चोक लवकर आत ढकलता येत नाही, ॲव्हरेज पडलं, तापमानाचा काटा ‘सी’वरून (थंडच्या खुणेवरून) हलत नाही. किंवा मूळ दुखणं रेडिएटरचं असल्यामुळे गाडी पुढच्या घाटात पुन्हा हीट होते, आणि आता तर काढायला थर्मोस्टॅटही उरलेला नसतो.

खालची पद्धत ८०० डोळ्यांपुढे ठेवून लिहिली आहे. ७९६ सीसीचं तीन सिलिंडरचं इंजिन, १९८३पासून २०१४पर्यंत बनत राहिलेली गाडी, त्यामुळे अजून भरपूर चालू आहेत. जुनी झेन, एस्टीम, ओम्नी यांनाही जवळपास सगळं लागू पडतं. दुसऱ्या कंपनीची गाडी असेल तर कुठे फरक पडतो ते त्या त्या जागी दिलं आहे.

आत काय असतं

पितळी डबीत मेण भरलेलं असतं. पाणी ठरावीक तापमानाला पोचलं की मेण वितळून फुगतं, दांडा ढकलतं आणि स्प्रिंगच्या जोराविरुद्ध झडप उघडते. पाणी थंड झालं की स्प्रिंग झडप बंद करते. वीज नाही, वायर नाही. उघडण्याचं तापमान थर्मोस्टॅटच्या कडेवर किंवा डबीवर कोरलेलं असतं. सुझुकीच्या या जुन्या इंजिनांत ८२ किंवा ८८ सापडतो. ८२चा थर्मोस्टॅट ८२ अंशांना उघडायला लागतो आणि ९५ला पूर्ण उघडतो. ८८चा १०० अंशांना पूर्ण उघडतो. पूर्ण उघडल्यावर झडप ८ मिलिमीटर किंवा त्याहून जास्त उचलली गेली पाहिजे. गाडीतून जो आकडा निघेल तोच परत घाला. ‘आपल्याकडे उन्हाळा कडक’ म्हणून ७६चा बसवल्याने गाडी हीट व्हायची थांबत नाही. रेडिएटर जेवढी उष्णता बाहेर टाकू शकतो तेवढीच टाकतो. थर्मोस्टॅट फक्त इंजिन किती अंशांच्या खाली जाऊ द्यायचं नाही ते ठरवतो.

बिघडला की तो एकतर बंद अवस्थेत अडकतो, नाहीतर उघड्या. बंद अडकलेला लगेच लक्षात येतो, कारण काटा चढतो. उघडा अडकलेला वर्षानुवर्षं तसाच चालत राहतो.

होसला हात लावून पाहणं

निदानाचा निम्मा भाग इथेच होतो आणि खर्च शून्य. गाडी रात्रभर उभी असली पाहिजे. बॉनेट उघडा, रेडिएटरचा वरचा होस (जाड रबरी नळी) शोधा आणि इंजिन सुरू करा. ओढणी, सैल बाही, गळ्यातला दोरा बेल्ट-फॅनपासून लांब ठेवा. इलेक्ट्रिक फॅन न सांगता सुरू होतो. दर मिनिटाला होसला हात लावायचा आणि काट्याकडे पाहायचं.

थर्मोस्टॅट ठीक असेल तर काटा हळूहळू चढत असताना होस थंड किंवा जेमतेम कोमट राहतो. काटा नेहमीच्या जागेजवळ आला की होस अचानक गरम होतो; मिनिटभरात हात ठेववत नाही. हा ‘अचानक’पणा महत्त्वाचा. इंजिन सुरू केल्यापासूनच होस इंजिनबरोबर सावकाश गरम होत गेला, तर झडप उघडीच अडकली आहे, किंवा कोणीतरी ती काढून टाकली आहे. सेकंडहँड गाडीत दुसरी शक्यता जास्त. आणि काटा पाऊणच्या वर गेला तरी होस थंड असेल तर झडप बंद अडकली आहे, किंवा पाणीच फिरत नाही. इंजिन लगेच बंद करा.

शेवटच्या दोन शक्यता वेगळ्या करायला, हीटर असेल तर इंजिन बंद करण्याआधी क्षणभर तो पूर्ण गरमवर करून पाहा. हीटरचं पाणी थर्मोस्टॅट न ओलांडता फिरतं. काटा वर, होस थंड, पण हीटरमधून कडक गरम हवा येते: पंप चालू आहे, संशय थर्मोस्टॅटवर. हीटरही थंड: पाणी कमी आहे, हवा अडकली आहे किंवा वॉटर बॉडीचा, म्हणजे पाण्याच्या पंपाचा, पंखा झिजलाय. साधं पाणी घालून चालवलेल्या गाड्यांत पंपाची पाती गंजून पार खुरटी झालेली निघतात. बाहेरून पुली छान फिरत असते.

काही कंपन्यांच्या इंजिनांत थर्मोस्टॅट खालच्या होसच्या टोकाला, म्हणजे पाणी इंजिनात शिरतं त्या बाजूला असतो. तिथे वरचा होस आधीच गरम होईल; खालचा कधी गरम होतो ते पाहायचं.

इन्फ्रारेड थर्मामीटर असेल तर आकडे मिळतात, पण चकचकीत ॲल्युमिनियमवर नेम धरला तर तो बराच कमी तापमान दाखवतो. काळ्या इन्सुलेशन टेपचा तुकडा चिकटवून त्यावर मोजा.

थर्मोस्टॅटखेरीज इतर दोषी

गाडी कधी हीट होते ते नीट आठवलं तर बरेच संशयित आपोआप गळतात. सिग्नलला, ट्रॅफिकमध्ये काटा चढतो आणि मोकळ्या रस्त्यावर उतरतो: फॅन, त्याचा स्विच, रिले किंवा फ्यूज. उलट शहरात ठीक आणि खंबाटकी किंवा कसारा चढताना, एक्स्प्रेसवेवर ताणल्यावर हीट: रेडिएटर आतून क्षाराने भरलाय किंवा बाहेरच्या जाळीत चिखल-किडे बसलेत. एसी असलेल्या गाडीत कंडेन्सर आणि रेडिएटर यांच्यामधली फट बघा, सगळा कचरा तिथे साठतो आणि समोरून दिसत नाही. बोअरचं पाणी वापरलेल्या रेडिएटरच्या पुढच्या अंगाचं तापमान गाडी चालवून आल्यावर वेगवेगळ्या जागी मोजलं तर मधेच थंड पट्टे सापडतात. तिथल्या नळ्या बुजल्यात.

रेडिएटरचं झाकण हा सगळ्यात स्वस्त आणि सगळ्यात दुर्लक्षित भाग. त्यावर दाबाचा ०.९ असा आकडा असतो. एवढ्या दाबाला पाणी १०० ऐवजी साधारण ११८ अंशांपर्यंत उकळत नाही. झाकणाची स्प्रिंग ढिली झाली की पाणी आधीच उकळतं आणि रेडिएटरला जोडलेल्या जादा पाण्याच्या बाटलीत फेकलं जातं. गाडी थंड झाल्यावर बाटलीतलं पाणी परत रेडिएटरमध्ये जात नसेल, किंवा वरचा होस चपटा होऊन बसत असेल, तर झाकणाची छोटी झडप चिकटली आहे. झाकण बदला आणि मग पुढचं बोला.

हेड गॅस्केट (इंजिनाचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं पॅकिंग) गेलं असेल तर थंड इंजिन सुरू केल्यावर मिनिटभरातच, पाणी तापायच्या आधी, होस दगडासारखा कडक होतो. झाकण न लावता सुरू केलं तर रेडिएटरच्या तोंडाशी सतत बुडबुडे येतात. इथे एक फसवी खूण आहे. ऑइल फिलरच्या झाकणाखाली पांढरट साय दिसली की ‘हेड गॅस्केट गेलं’ म्हणून हेड खोलायचा सल्ला मिळतो. पण थर्मोस्टॅट उघडा अडकलेल्या किंवा काढलेल्या गाडीत, विशेषतः थंडीत रोज दोन-तीन किलोमीटरच फेऱ्या होत असतील, तर इंजिन कधी पुरतं तापतच नाही, आतली वाफ ऑइलमध्ये राहते आणि तशीच साय जमते. डिपस्टिकवरचं ऑइल स्वच्छ असेल, पाणी कमी होत नसेल, तर हेडला हात लावण्याआधी थर्मोस्टॅट पाहा.

आणि काटाच खोटं बोलत असेल तर? काट्याचा सेन्सर एक वायरीचा असेल तर इग्निशन चालू ठेवून वायर काढा, काटा खाली गेला पाहिजे. तीच वायर छोटा बल्ब मधे घालून बॉडीला टेकवली की वर गेला पाहिजे. असं होत असेल तर काटा आणि वायर ठीक, सेन्सर संशयित. फॅनचा स्विच हा वेगळा भाग, त्याची या तपासणीत गल्लत करू नका. एमपीएफआय, म्हणजे कार्ब्युरेटरऐवजी कॉम्प्युटरच्या हुकमाने पेट्रोल फवारणाऱ्या, इंजिनाच्या कॉम्प्युटरला तापमान सांगणारा सेन्सरही निराळा असतो.

काढून टाकला तर काय होतं

कार्ब्युरेटरच्या गाडीत थंड इंजिनात पेट्रोल नीट वाफ होत नाही, त्यामुळे चोक जास्त वेळ लागतो आणि न जळलेलं पेट्रोल सिलिंडरच्या भिंतीवरचं ऑइल धुऊन काढतं. एमपीएफआयमध्ये कॉम्प्युटर इंजिन थंड आहे असं समजून जास्त पेट्रोल सोडत राहतो. दोन्हीकडे ॲव्हरेज घटतं, पिस्टनच्या रिंगा लवकर झिजतात, प्लग काळे होतात. पीयूसीच्या वेळी धुराचा आकडा वर दिसतो आणि दोष कार्ब्युरेटरवर जातो.

शिवाय काही थर्मोस्टॅटच्या खालच्या टोकाला दुसरी छोटी चकती असते. वरची झडप उघडते तेव्हा ही चकती बायपासचं, म्हणजे रेडिएटर टाळून पाणी इंजिनातच फिरवणाऱ्या वाटेचं, तोंड बंद करते. असा थर्मोस्टॅट काढला की बायपास कायम उघडा राहतो, गरम पाण्याचा एक भाग रेडिएटरमध्ये न जाताच पुन्हा इंजिनात शिरतो आणि गाडी उलट जास्त हीट होते. तेव्हा ‘काढला तरी हीट होतेच’ या तक्रारीत आश्चर्य काही नाही.

रस्त्यात बंद अडकलेला थर्मोस्टॅट काढून घरी येणं, एवढ्यापुरतं ठीक आहे. त्या आठवड्यात नवा बसवा.

बदलायला काय लागतं

त्याच आकड्याचा थर्मोस्टॅट, थर्मोस्टॅटवरच्या टोपीचं नवं गॅस्केट (काही थर्मोस्टॅटच्या कडेला रबरी रिंग असते, मग तीही), होस कडक किंवा फुगलेला असेल तर होस आणि दोन वर्म क्लिपा, कूलंट, डिस्टिल्ड वॉटर. १० आणि १२ नंबरचे सॉकेट, पक्कड, बादली, प्लास्टिकची किंवा लाकडी पट्टी, गंज सोडवणारं स्प्रे ऑइल. नवा थर्मोस्टॅट दुकानातच उजेडासमोर धरून बघा: झडपेच्या कडेने प्रकाश दिसता कामा नये. कडेच्या छोट्या भोकात हलणारी पिन असते, तिथून दिसला तर चालतो.

घरी आल्यावर तो पातेल्यात तपासून मगच बसवा. नकली माल भरपूर आहे आणि ही परीक्षा दहा मिनिटांची. झडप बोटांनी किंचित उघडून फटीत दोऱ्याचं टोक अडकवा, त्या दोऱ्यावर थर्मोस्टॅट पाण्यात लटकवा, तळाला टेकू देऊ नका, शेजारी थर्मामीटर. पाणी ढवळत मंद आचेवर तापवा. झडप उघडायला लागली की दोरा सुटतो आणि थर्मोस्टॅट टुपकन खाली पडतो. त्या क्षणीचं तापमान कोरलेल्या आकड्याच्या दोन-एक अंश इकडेतिकडे असलं पाहिजे. मग उकळू द्या आणि झडप किती उचलली ते बघा. बाहेर काढल्यावर ती पूर्ण बंद होते ना हेही पाहा. उघडते पण घट्ट मिटत नाही असे नमुने पुष्कळ. पुण्यात पाणी ९८ अंशांच्या आसपास उकळतं, महाबळेश्वरला साधारण ९५-९६लाच, त्यामुळे ८८चा थर्मोस्टॅट पातेल्यात पूर्ण उघडला नाही तर त्याला नापास करू नका. ठरलेल्या आकड्याला सुरुवात झाली ना, एवढं तिथे पुरतं.

खोलणं

इंजिन पूर्ण थंड हवं. सकाळी करणं उत्तम. बॅटरीची निगेटिव्ह तार काढा. रेडिएटरचं झाकण काढा. खालचा ड्रेन कॉक प्लास्टिकचा असेल आणि हाताने फिरत नसेल तर पक्कड लावू नका, तुटून हातात येतो. त्याऐवजी खालचा होस सोडा. सगळं पाणी काढायची गरज नाही, दीड लिटरभर निघालं की पातळी थर्मोस्टॅटच्या खाली येते. पण पाणी तांबडं-गढूळ असेल तर पूर्ण काढून, स्वच्छ पाणी येईपर्यंत धुवून घ्या. जुनं कूलंट चवीला गोड आणि विषारी असतं. बादली उघडी ठेवली तर कुत्री-मांजरं पितात.

वरचा होस धरत इंजिनकडे जा. दोन बोल्टांच्या ॲल्युमिनियमच्या टोपीत तो शिरतो, तिच्याखाली थर्मोस्टॅट. होस निघत नसेल तर फिरवून बघा. स्क्रूड्रायव्हर घालून उचकटलं तर मऊ नळकांड्यावर चरे पडतात आणि तिथूनच पुढे गळतं. होस बदलणारच असाल तर ब्लेडने उभा चिरून टाका.

बोल्ट ही खरी परीक्षा. ॲल्युमिनियममध्ये वर्षानुवर्षं बसलेला पोलादी बोल्ट गंजून धरतो. आदल्या रात्री स्प्रे मारून ठेवा. पहिल्यांदा किंचित घट्ट करायच्या दिशेने हलवा, मग सोडा, पुन्हा थोडं मागे, पुन्हा सोडा. रबरासारखा पिळतोय असं वाटलं तर थांबा, आणखी स्प्रे, टोपीला लाकडावरून हलके ठोके. तुटलेला बोल्ट ड्रिलने काढणं हे थर्मोस्टॅट बदलण्याच्या कितीतरी पट मोठं काम आहे. दोन्ही बोल्टांची लांबी वेगळी असू शकते, कोणता कुठला ते लक्षात ठेवा.

टोपी निघाली की थर्मोस्टॅट कोणत्या दिशेने बसलाय त्याचा फोटो काढा. मग भोकात कापडाचा बोळा कोंबा आणि जुनं गॅस्केट खरवडा. लोखंडी पात्याने ॲल्युमिनियम खरवडलं तर पडलेला प्रत्येक चरा म्हणजे गळतीची वाट. टोपीच्या आतल्या बाजूला पांढरी पूड आणि खड्डे असतील, कडेची जाडी खाल्ली गेली असेल, तर सिलिकॉन थापून भागवू नका, टोपी बदला.

बसवणं

स्प्रिंग आणि मेणाची डबी इंजिनाच्या बाजूला, म्हणजे गरम पाण्यात. उलटा बसवला तर डबीला गरम पाणी लागत नाही आणि गाडी पहिल्याच फेरीत उकळते. हलणारी पिन सगळ्यात वरच्या बाजूला येईल असा फिरवा. तिच्या भोकातून अडकलेली हवा निघून जाते. पिन नसलेलाच थर्मोस्टॅट मिळाला तर वरच्या बाजूच्या कडपट्टीत दोन-तीन मिलिमीटरचं भोक पाडून घेता येतं.

थर्मोस्टॅटची कड त्याच्या खाचेत सपाट बसली पाहिजे. टोपी चढवताना तो हमखास सरकतो, कड खाचेबाहेर येते, आपल्याला कळत नाही आणि बोल्ट आवळताना टोपीचा कान टचकन तुटतो. म्हणून आधी दोन्ही बोल्ट हाताने लावा. टोपी सगळीकडून समान टेकलीय का ते बोट फिरवून बघा. एका बाजूला फट असेल तर काढून पुन्हा बसवा. मग आलटून पालटून थोडे थोडे आवळा. १० नंबरच्या डोक्याच्या बोल्टला १० न्यूटन मीटरच्या आसपास, १२ नंबरला २० ते २५. छोटा पाना आणि मनगटाचा जोर, दांड्याला पाइप लावून नाही.

नवं गॅस्केट आणि सपाट पृष्ठभाग असेल तर सिलिकॉन लागत नाही. लावायचंच तर नखाएवढ्या जाडीचं नको, पुसटसा थर. आत दाबलं गेलेलं सिलिकॉन तुटून वाहत जातं आणि नेमकं झडपेत किंवा हीटरच्या नळीत अडकतं.

पाणी भरणं आणि हवा काढणं

‘नवा टाकला तरी हीट होते’ या तक्रारीत सर्वाधिक वेळा इथेच चुकलेलं असतं. थर्मोस्टॅटखाली हवेचा फुगा राहिला तर डबीला पाणी लागत नाही, झडप उघडत नाही.

महाराष्ट्रात पाणी गोठायचा प्रश्न जवळपास नाही, कूलंट हवं ते गंज आणि क्षार रोखायला. घट्ट (पाणी न मिसळलेलं) कूलंट असेल तर ३० टक्के कूलंट, ७० टक्के डिस्टिल्ड वॉटर पुरतं. साडेतीन लिटर मिश्रणासाठी साधारण एक लिटर कूलंट. रेडीमिक्समध्ये (आधीच पाणी मिसळलेल्या कूलंटमध्ये) पाणी घालायचं नाही. जुन्यात नवं मिसळताना फक्त रंग बघू नका, एकाच रंगात वेगवेगळ्या जातीची कूलंट मिळतात. खात्री नसेल तर जुनं पूर्ण काढा.

गाडीचं नाक चढावर येईल अशी उभी करा. हीटर पूर्ण गरमवर. सावकाश भरा, मधूनमधून वरचा होस दाबा, बुडबुडे येतील. झाकण न लावता सुरू करून आयडलवर ठेवा. थर्मोस्टॅट उघडला की तोंडाशी पातळी एकदम खाली जाते, भरत राहा. बुडबुडे थांबले की झाकण लावा, बाटली दोन खुणांच्या मध्ये भरा आणि फॅन दोनदा सुरू होऊन बंद होईपर्यंत चालू ठेवा. दुसऱ्या दिवशी थंड असताना पुन्हा झाकण उघडून पातळी पाहा, थोडी भर लागतेच. ओम्नीत इंजिन सीटखाली आणि रेडिएटर पुढे, मधल्या नळ्या लांब; तिथे हाच खेळ दोन-तीनदा करावा लागतो.

पुन्हा पुन्हा बिघडत असेल तर

जुना थर्मोस्टॅट फेकण्याआधी नीट बघा. तांबडा चिखल आणि झडपेच्या कडेला खवले असतील तर दोष पाण्याचा. रेडिएटर साफ न करता नवा घातलात तर त्याचंही तेच होईल. बुळबुळीत चिकट थर असेल तर एकतर कोणीतरी गळती थांबवायची पूड ओतली आहे, नाहीतर ऑइल पाण्यात येतंय. मग हेडची तपासणी आधी. डबीपाशी पांढरट मेण बाहेर आलेलं दिसलं तर गाडी एकदा तरी जोरात उकळलेली आहे आणि थर्मोस्टॅट हा त्या प्रसंगाचा बळी आहे, कारण नाही. अशा वेळी फॅन, झाकण, वॉटर बॉडी या क्रमाने मूळ दोष शोधून काढल्याशिवाय नवा थर्मोस्टॅट बसवू नका.